हजार दिवस उलटून गेले, आता काय उपयोग? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात पुन्हा मांडते. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे. पूर्ण दिवसांची जन्मली, पण जन्मवजन २.१ किलो. आज वजन १०.४ किलो, उंची ८५ सेंटिमीटर, आणि ती दोन-दोन शब्द जोडून बोलते. तिच्या वेळी तुम्हाला पाचव्या महिन्यापर्यंत उलट्या होत्या आणि नऊ महिन्यांत तुमचं वजन जेमतेम सहा किलो वाढलं. आज तुमचं वजन ४१ किलो आहे आणि उंची १५२ सेंटिमीटर. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. दवाखान्याच्या भिंतीवर 'बाळाचे पहिले १००० दिवस' (म्हणजे दिवस राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे) असा तक्ता तुम्ही वाचलात, बोटांवर हिशोब केलात, आणि ते दिवस सहा महिन्यांपूर्वीच संपल्याचं लक्षात आलं. सासूबाई 'डब्यातली पावडर सुरू कर' म्हणतायत. दुसऱ्या बाळाचाही विचार चाललाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'माझ्यामुळे हिचा मेंदू कमी राहिला का? आता काही करून उपयोग आहे का?'

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षं लहान मुलांचा आहार आणि विकास हेच माझं काम आहे. त्यातली पहिली आठ वर्षं पुणे जिल्ह्याच्या दुष्काळी भागात वाड्यावस्त्यांवर घरभेटी करण्यात गेली. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी शेकडो वेळा ऐकलाय. माझ्या मते तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक मुलीच्या शरीराचा, दुसरा तिच्या बुद्धीचा, तिसरा तुमच्या स्वतःच्या शरीराचा. या तिघांचं वेळापत्रक एक नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ते एकच असल्यासारखं दिसतं, आणि आयांच्या मनात अपराधीपणा येतो तो तिथूनच.

आधी, समोर बसवून तपासल्याशिवाय मला जे ठरवता येणार नाही ते सांगते. ८५ सेंटिमीटर उंची कमी आहे, पण वाढ खुंटली म्हणण्याइतकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अडीच वर्षांच्या मुलीसाठी ती सीमा ८३.६ सेंटिमीटर आहे आणि मधली उंची ९०.७. वजनही माता-बाल संरक्षण कार्डाच्या हिरव्या पट्ट्यातच आहे, मात्र खालच्या काठाजवळ. 'आपल्याकडची मुलं बारकीच असतात, तक्ता परदेशी आहे' असं कुणी म्हणेल, तर एवढं लक्षात ठेवा की २००६ साली आलेला हा तक्ता सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून बनलाय आणि त्यात आपल्या दक्षिण दिल्लीची मुलंही आहेत. पोटभर अन्न, आईचं दूध आणि स्वच्छता मिळाली की पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, हेच त्या मोजमापांतून दिसलं.

पण एका दिवसाच्या आकड्यावरून मी कधीच निर्णय देत नाही. मला रेष बघायची असते. तुमच्या कार्डावर अंगणवाडी ताईंनी दर महिन्याला ठिपके मांडले असतील. ते जोडून बघा. रेष पट्ट्याला धरून वर चाललीय, आडवी झालीय की खाली वळलीय? २.१ किलोवर जन्मून मुलगी आज हिरव्या पट्ट्यात असेल, तर दोन-अडीच वर्षं तिने आणि तुम्ही मिळून बरंच अंतर कापलंय. या वयात उंची वर्षाला साधारण आठ-नऊ सेंटिमीटर वाढते, तेवढी वाढतेय का ते बघा. रेष तीन महिने आडवी असेल, मुलगी वारंवार आजारी पडत असेल, घरात कुणाला जुना खोकला असेल, ती फिकट दिसत असेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर माझं हे लिखाण बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. दोन शब्दांची वाक्यं या वयात चालतात. पण येत्या तीन-चार महिन्यांत तीन शब्द जुळले नाहीत तर कानांची तपासणी करून घ्या. कान दुखण्या-वाहण्यामुळे ऐकू कमी येणारं मूल 'मंद' ठरवलं गेल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

आता हजार दिवसांकडे येते. ही कल्पना ज्या संशोधनांवर उभी आहे, त्यातलं सर्वांत महत्त्वाचं मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातलं आहे. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत गावातल्या केंद्रावर रोज एक पेय दिलं जायचं. दोन गावांत 'आतोले', म्हणजे आपल्या पेजेसारखं दाट, गरम पेय, त्यात दुधाची भुकटी आणि वनस्पतीजन्य प्रथिनांचं पीठ. दुसऱ्या दोन गावांत 'फ्रेस्को', सरबतासारखं, प्रथिनं नसलेलं. ती मुलं मोठी होऊन कमावती झाली तेव्हा संशोधक पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचले. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळायला लागलं, त्यांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही.

तक्त्यावरची भीती इथून आलीय, आणि ती निराधार नाही. एक पेलाभर पेज माणसाच्या आयुष्यभराच्या मिळकतीवर परिणाम करते, आणि ती लवकर मिळाली तर जास्त करते, हे खरं आहे. म्हणूनच सरकारी योजना त्या काळावर भर देतात, आणि तो दिलाच पाहिजे. पण 'या काळात अन्नाचा उपयोग सर्वांत जास्त होतो' हे एक वाक्य झालं. 'यानंतर काही होत नाही' हे दुसरं. पहिलं सिद्ध झालंय, दुसरं झालेलं नाही. आपल्याच आंध्र प्रदेशासह चार देशांत हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालाय. एक वर्षाच्या वयात वाढ खुंटलेली बरीच मुलं आठव्या वर्षापर्यंत सावरली होती, आणि सावरलेल्या मुलांना चाचण्यांत न सावरलेल्यांपेक्षा चांगले गुण होते. दोन वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ८० टक्के होतो हेही खरंच. पण बोलणं, लक्ष टिकवणं, अडलं तर दुसरा मार्ग शोधणं, या गोष्टी तयार होत असतात त्या पुढे कितीतरी वर्षं.

तुमच्या मुलीसाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं ते संशोधन जमैकाच्या किंग्स्टन शहरातलं आहे. मी स्वतः काम करायची पद्धत बदलली ती ते वाचल्यानंतर. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांमधली वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, वय ९ ते २४ महिने. चार गट केले. एका गटाला आठवड्याला एक किलो दुधाची पावडर दिली. दुसऱ्याला पावडर नाही, पण आपल्या आशाताईंसारखी एक कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाऊन तासभर आईसोबत बसायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. दोन वर्षांच्या शेवटी दूध आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुलं तर चांगल्या उंचीच्या मुलांच्या जवळ पोचली होती.

त्यापुढचं माझ्या मनात घर करून राहिलं. वर्षं गेली तसा नुसत्या दुधाचा फायदा पुसट होत गेला. खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी त्या मुलांची बुद्धी, शिक्षण, वागणूक सगळ्यांतच फरक होता. आणि घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती, म्हणजे कधीच न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीची. यातली काही मुलं दोन वर्षांची होत आलेली असताना या कामात आली होती. म्हणजे तुमच्या हिशोबाने त्यांचे हजार दिवस संपत आले होते, आणि ती जवळपास चार वर्षांची होईपर्यंत खेळ चालू राहिला.

अन्न कमी महत्त्वाचं आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. पोट रिकामं असलेलं मूल खेळतच नाही. ते आईच्या कडेवर नुसतं बसून राहतं. त्याने काही मागितलं नाही, बडबड केली नाही, की आईही त्याच्याशी कमी बोलते. 'गरीब स्वभावाचं आहे हो' असं घरचे कौतुकाने सांगतात. माझ्या कानांना ते वाक्य नेहमी खटकतं. अन्न आणि खेळ हे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. एका वस्तीवर वीस महिन्यांची एक मुलगी होती. वजन कमी, चेहरा गंभीर. आमच्या कार्यकर्तीने घोंगडीवर बसून पिशवीतून एक पत्र्याचा डबा, बाटल्यांची पाच झाकणं आणि एक चिंधीची बाहुली काढली. आई चुलीपाशी उभी होती, म्हणाली, "बाई, हिला काय कळतंय अजून?" कार्यकर्तीने उत्तर दिलं नाही. एक झाकण डब्यात टाकलं, टण्ण आवाज झाला. मुलगी बघत राहिली. दुसरं टाकलं. तिसरं झाकण तिने मुलीपुढे धरलं आणि गप्प बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग मुलीने ते हळूच घेतलं, डब्याच्या कडेला अडखळलं, पुन्हा उचललं आणि आत टाकलं. टण्ण. तिने वळून पाहिलं ते आईकडे. आईने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि येऊन घोंगडीवर बसली.

तीन महिन्यांनी मी त्या घरी गेले तेव्हा आई घेवड्याच्या शेंगा निवडत होती आणि लेकीला म्हणत होती, "मोठी शेंग दे. आता बारकी दे. बारकीऽऽ, ही कुठं बारकी?" वेगळा वेळ काढलेला नव्हता, एक रुपया खर्च नव्हता. शेंगा तशाही निवडायच्याच होत्या.

आपल्याकडे हे नवीन नाही, याचा मला अभिमान वाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, काड्या, शंख-शिंपले घेऊनच आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांचाच. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, पुढे ती देशभर पसरली, आणि अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव घरातला होऊन बसलाय. अलीकडे जमैकाची पद्धत ओडिशातल्या खेड्यांत वापरून पाहिली, तेव्हा घरोघरी जाण्याऐवजी आयांना एकत्र बसवून घेतलेल्या गटांतही मुलांच्या बोलण्या-समजण्यात तितकीच सुधारणा झाली, आणि खर्च कमी आला. तुमच्या गल्लीत त्याच वयाची दोन-तीन मुलं असतील तर दुपारी एका ओट्यावर बसा. मोबाइल मात्र घरात ठेवून. जेवताना मोबाइलवर गाणी लावून भरवलेलं मूल गिळतं, पण चव, भूक आणि समोरचा चेहरा या तिन्हींकडे त्याचं लक्ष नसतं.

आता मुलीचं ताट. तुम्ही लिहिलंय, 'सगळं खाते, पण अंगाला लागत नाही.' असं कुणी म्हटलं की मी घरची वाटी मागते. तिच्यात पाणी ओतून मोजते, मग मुलाने कालपासून काय काय खाल्लं ते आईला आठवायला लावते. बहुतेक वेळा दिसतं ते असं. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं. अकराला वरणाच्या वरच्या पाण्यात कुस्करलेली पाव भाकरी. मधे कुरकुऱ्यांचं पाच रुपयांचं पाकीट. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री झोप आलेली असताना चार घास भात. तुमच्या घरी असंच असेल असं नाही. पण एकदा लिहून बघा. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार उष्मांक लागतात आणि पोट असतं छोट्या पेल्याएवढं. त्यामुळे पातळ पदार्थांनी पोट भरतं, अंग भरत नाही.

तुमच्या भागात जे पिकतं तेच पुरेसं आहे. घट्ट वरण, वरचं पाणी नव्हे. ज्वारीच्या मऊ कण्या, त्यात दही किंवा दूध. भाकरीच्या काल्यात दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खा दाणा या वयात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. कूटच द्या. प्रत्येक जेवणात चमचाभर तेल किंवा तूप वरून. हुलग्याचं माडगं, मुगाचं धिरडं, मेथी-पालक घातलेले मऊ धपाटे. वर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं, तिच्या वेगळ्या ताटलीत, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. चहा पूर्ण बंद. हा एकच बदल केल्यावर महिन्याभरात भूक वाढल्याचं मी इतक्या घरांत पाहिलंय की मी आता सुरुवात तिथूनच करते. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार नुसता पडून राहू देऊ नका. आशाताईंकडचं लोहाचं औषध आणि जंताची गोळी वेळेवर द्या.

दुधाबद्दल थोडं जास्त बोलते. तुम्ही लिहिलंय, दारात एक म्हैस आहे आणि दूध डेअरीला जातं. ही गोष्ट मी अनेक गावांत पाहिलीय. सकाळी सहाला किटली भरून निघते, घरात उरतं ते चहापुरतं. महिन्याचं बिल येतं, त्यातून मुलासाठी पावडरीचा डबा येतो. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, नातीच्या काळजीनेच त्या म्हणतायत. त्यांच्याशी वाद घालू नका. डब्याच्या मागचं लेबल त्यांच्यासोबत बसून वाचा. बहुतेक डब्यांत साखर अगदी वरच्या क्रमांकांवर असते, आणि ती पावडर दुधातच घालून द्यायची असते, म्हणजे खरं काम दूधच करतं. त्या पैशांत किती किलो शेंगदाणे येतील हे त्यांना कुणापेक्षाही चांगलं माहीत असेल. मुलीला दिवसाला दोन पेले दूध किंवा दही पुरे. दिवसभर नुसतं दूध पाजू नका, त्याने भूक मरते आणि लोह कमी पडतं.

आणि एक पेला तुमचा. इथून तिसरा प्रश्न सुरू होतो, तो तुमच्या शरीराचा.

ज्या बायकांचा अभ्यास मी वारंवार वाचलाय त्या जवळपास तुमच्याच मापाच्या होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. गरोदर होण्याआधी त्यांचं सरासरी वजन साधारण ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. त्या बायका एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खातात याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं याच्याशी. आणि ज्या बायका शेतात आणि घरात जास्त जड कष्ट करत होत्या त्यांची बाळं लहान होती. 'माझ्यामुळे' असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला हेच आठवलं. पाच महिने उलट्या, वजन ४१ किलो, आणि पाण्याची घागर तेव्हाही तुमच्याच डोक्यावर होती ना? ताई, यात तुमची चूक मी कुठे शोधू?

मग मुंबईच्या झोपडवस्त्यांत त्याच धर्तीवर एक मोठा प्रयोग झाला. सुमारे साडेसहा हजार बायकांना रोज एक खाऊ दिला. समोशासारखा, हातात धरून खाता येईल असा, आत पालेभाजी, सुकवलेली फळं आणि दुधाची भुकटी. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा अशा साध्या भाज्या. वैशिष्ट्य असं की हा खाऊ गरोदर राहण्याआधीच सुरू केला होता. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर जन्मवजनात भरवशाचा फरक आला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही बरंच कमी झालं. आणि फार बारीक बायकांच्या बाळांच्या वजनात जवळपास काहीच फरक पडला नाही. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, हे मान्य. पण मला त्यातून दोन गोष्टी कळतात. पालेभाजी-दुधाची वेळ दिवस राहण्याआधीची आहे. आणि आईचं स्वतःचं वजन फारच कमी असेल तर आधी ते वाढवावं लागतं, त्याशिवाय बाळापर्यंत फारसं पोचत नाही.

तुमचं वजन उंचीच्या मानाने कमी आहे. निरोगी वजनाची खालची पायरी तुमच्या उंचीला साधारण ४३ किलो. मी तुम्हाला ४५-४६ किलोचं लक्ष्य देईन आणि त्यासाठी सहा महिने ते वर्ष थांबायला सांगेन. बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा निदान दोन वर्षांनी असावी असा सल्ला असतो, ती अट तुमची पूर्ण झालीय. म्हणून आता थांबायचं ते तारखेसाठी नाही, वजन आणि रक्तासाठी. वय, घरची घाई, तुमची इच्छा यावर हे अवलंबून आहे. तो निर्णय तुम्हा दोघांचा. मी फक्त हिशोब मांडतेय.

रक्तात तीन गोष्टी तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२. शेवटची माळकरी घरासाठी खास. पुण्याच्या त्याच अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांत असतं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ दूध, दही, ताक. तेवढ्याने कमतरता भरून निघेलच असं नाही, म्हणून गोळी लागू शकते. माळ मोडायची काहीच गरज नाही. दिवस राहण्याआधी निदान महिनाभर फॉलिक ॲसिड सुरू करायचंच, बाळाच्या मणक्यासाठी. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड पुरेसं नाही, जोडीला बी-१२ हवं, हे डॉक्टरांशी बोला.

त्या सहा गावांची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९३ ते १९९६ मध्ये जन्मलेली ती बाळं किशोरवयात आली तेव्हा त्यांच्यातल्या काहींना बी-१२ ची अगदी छोटी मात्रा रोज द्यायला सुरुवात झाली. त्यातल्या मुली पुढे आई झाल्या. त्यांची मुलं दोन-तीन वर्षांची झाल्यावर तपासली, तर नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं बोलण्यात आणि समजण्यात औषध नसलेली साधी गोळी मिळालेल्या गटापेक्षा पुढे होती. ग्वाटेमालातही असंच दिसलं. लहानपणी आतोले प्यायलेल्या मुली मोठेपणी आई झाल्या तेव्हा त्यांची बाळं इतर गावांतल्या बाळांपेक्षा ११६ ग्रॅमने जास्त वजनाची होती. म्हणजे तुमची अडीच वर्षांची लेक आज जे दही-कण्या खाईल, त्यातलं थोडं तिच्या बाळासाठीही जमा होत असतं.

घरी एवढ्यावर सगळ्यांना एकत्र बसवून बोलणं अवघड असतं, मला कल्पना आहे. म्हणून मी सुरुवात छोटी सांगते. उद्या सकाळी किटलीत दूध ओतण्याआधी दोन पेले काढून झाकून ठेवा, एक तिचा, एक तुमचा, आणि हे यजमानांना सांगून करा, लपवून नको. दुपारी पालेभाजी निवडायला बसाल तेव्हा तिला समोर बसवा, पानं तिच्या हातात द्या आणि बोलत राहा. दाराच्या चौकटीवर तिच्या डोक्याजवळ पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. तीन महिन्यांनी त्याच जागी दुसरी रेघ ओढा आणि दोन रेघांमधलं अंतर, तिचं वजन, तुमचं वजन आणि रक्ताचे आकडे मला इथेच कळवा. जिभेवर नवीन आलेले शब्दही लिहा, मला ते वाचायला आवडतील.